गर्भाशय कोणाचे? एका शस्त्रक्रियेचा इतिहास आणि संमतीचा प्रश्न

१/
गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया वैद्यकाला नवी नाही. कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी अशा कारणांसाठी ती जीव वाचवते. मात्र हीच शस्त्रक्रिया काहींवर लादली गेली, काहींच्या गळी भीती घालून उतरवली गेली, काहींकडून कागदोपत्री ओळखीची किंमत म्हणून वसूल केली गेली आणि ज्यांनी ती स्वतःहून मागितली त्यांना प्रमाणपत्रांसाठी दारोदार फिरवले गेले. शिरूर, बीड, स्टॉकहोम आणि टोकियो ही एरवी कधीही एका वाक्यात न येणारी नावे या धाग्यात एकत्र येतात. ती का येतात, ते पाहू.

२/
आरंभ मुंबईपासून करावा लागतो. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते चालवले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, मासिक मात्र चालू राहिले. मूल हवे की नको हे स्त्रीने ठरवावे, हा विचार मराठीत इतक्या उघडपणे छापला जाण्याची ती सुरुवात होती.

३/
१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा, असा ठराव आला. आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने तो पी. जे. रोहम यांनी मांडला. ठराव फेटाळला गेला. त्याआधी, डिसेंबर १९३५ मध्ये, अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या होत्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना संमती दिली नाही. संयम हाच त्यांचा उपाय होता. तात्पर्य, त्या काळातील वाद साधने वापरावीत की नाहीत, याभोवती फिरत होता. निर्णयाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्या आडोशाला राहिला.

४/
त्या आडोशाला आणखी एक विचार वाढत होता. त्याचे नाव सुप्रजननशास्त्र. ‘चांगल्या’ माणसांनी मुले जन्माला घालावीत आणि ‘हीन’ ठरवलेल्यांची प्रजननक्षमता थांबवावी, असे सांगणारा हा विचार त्या काळी प्रगतिशील समजला जाई. स्वीडनने १९३४ साली नसबंदीचा कायदा केला आणि १९४१ साली त्याची व्याप्ती वाढवली. १९७५ पर्यंत तेथे सुमारे ६३,००० जणांची नसबंदी झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. जपानचा सुप्रजनन संरक्षण कायदा १९४८ ते १९९६ असा तब्बल अठ्ठेचाळीस वर्षे टिकला. त्याखाली सुमारे २५,००० लोकांची नसबंदी झाली आणि त्यांपैकी सुमारे १६,५०० जणांची संमतीही घेतलेली नव्हती.

५/
भारतात आणीबाणीच्या काळातील नसबंदीच्या आठवणी घरोघर आहेत. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राचा वाटा मात्र फारसा सांगितला जात नाही. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते. १९७६ सालच्या त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायद्यात उतरले नाही. कर्व्यांच्या केंद्राला पन्नास-पंचावन्न वर्षे होतात तोच त्याच मुंबईत शासन नागरिकाच्या शरीरावर सक्ती करायला निघाले होते. दोन्ही प्रसंगी शब्द एकच वापरला गेला, संततिनियमन. नियमन कोण करणार, एवढाच फरक होता आणि तोच महत्त्वाचा होता.

६/
गर्भपाताच्या कायद्यातही हा फरक दिसतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३१२ नुसार आईचा जीव वाचवण्याचे कारण सोडता गर्भपात हा गुन्हा होता आणि तो करवून घेणारी स्त्रीही गुन्हेगार ठरे. शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि त्याने असंख्य जीव वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याची रचना पाहावी. गर्भपात करता येईल की नाही, हे नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर अवलंबून ठेवले गेले. साधन निकामी ठरून राहिलेल्या गर्भाची तरतूद ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरती होती. ते शब्द बदलायला २०२१ साल उजाडले.

७/
आता शिरूर. फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहात राहणाऱ्या मतिमंद मुली आणि तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कोणताही आजार झालेला नव्हता. पाळीच्या दिवसांत या मुलींना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे केले गेले. अकरा जणींवर शस्त्रक्रिया झाल्यावर स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांच्या विरोधामुळे शासनाने पुढील शस्त्रक्रिया थांबवल्या.

८/
या प्रकरणाचे समर्थन करणारेही पुष्कळ होते आणि ते सगळे दुष्ट नव्हते. अपुरे कर्मचारी, पाण्याची टंचाई, मुलींची हेळसांड, लैंगिक अत्याचाराची भीती ही कारणे खरी होती. परंतु गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. अत्याचारातून गर्भ राहणे तेवढे थांबते, म्हणजे पुरावा थांबतो. कर्मचारी वाढवणे खर्चिक होते, मुलींचे शरीर बदलणे स्वस्त होते. पाळी ही व्यवस्थेची अडचण ठरली आणि अडचणीचा निकाल अडचण असलेल्या अवयवावर लावला गेला.

९/
पंधरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ हाच प्रश्न आला. चंडीगढच्या शासकीय संस्थेत राहणारी एक मतिमंद तरुणी बलात्कारातून गर्भवती झाली होती. तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. ऑगस्ट २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रोखण्यामागची कारणे सविस्तर मांडली. मूल होऊ देणे वा न देणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सौम्य मतिमंदत्व म्हणजे संमतीचा अधिकार गमावणे नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शिरूरच्या मुलींना हा निर्णय फार उशिरा मिळाला.

१०/
पुढचा मुक्काम बीड. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते.

११/
हे कसे घडते? ऊसतोडीचा करार बहुधा जोडप्याशी होतो. त्या जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फेडण्यासाठी सहा महिने राबावे लागते. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ पडतो, दंड लागतो आणि फिटत आलेली उचल पुन्हा वाढते. फडाशेजारच्या पालावर शौचालय नाही, आडोसा नाही, पाणी लांब. पाळीत तेच कापड, तीच ओल, मग जंतुसंसर्ग. उपचाराला गेलेल्या बाईला ‘पिशवी’ खराब झाली आहे, पुढे कर्करोग होईल, असे सांगितले जाते. पिशवी काढली की पाळीचा खाडा संपतो. पंचविशी-तिशीतल्या स्त्रिया कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेतात आणि अंडाशयेही गेली असतील तर अकाली रजोनिवृत्ती, हाडांची झीज, कंबरदुखी घेऊन पुन्हा फडात उतरतात.

१२/
बीडच्या या स्त्रियांनी सही केली होती. कागदावर संमती होती. म्हणूनच बीडचे प्रकरण शिरूरपेक्षा समजायला कठीण आहे. दुसरा पर्याय ठेवला नाही तर सही म्हणजे निवड होत नाही. ही स्थिती एकट्या बीडची नाही. बिहार, छत्तीसगढ आणि राजस्थानात आरोग्य विम्याच्या पैशासाठी झालेल्या अनावश्यक शस्त्रक्रियांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्यास सांगितले.

१३/
येथवरचा इतिहास स्त्रियांचा म्हणून सांगितला जातो. पण पाळी येणारा प्रत्येक जण स्त्री असतोच असे नाही. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेले, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारे ट्रान्स पुरुष आहेत. त्यांपैकी अनेकांना पाळी येते, काहींना मूल हवे असते, काहींना गर्भाशय नकोसे असते. टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर पाळी बहुधा काही महिन्यांत थांबते. मात्र ते गर्भनिरोधक नाही, गर्भ राहू शकतो. पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबा नसतो. स्त्रीरोग विभागाच्या रांगेत दाढीवाल्या माणसाकडे सगळे वळून पाहतात. म्हणून अनेक जण तपासणीच टाळतात आणि आजार वाढू देतात.

१४/
आता स्टॉकहोम. १९७२ साली स्वीडनने कायदेशीर लिंगनोंद बदलण्याचा मार्ग खुला केला. असा कायदा करणारा तो जगातील पहिला देश मानला जातो. त्या उदार कायद्यात एक अट होती. अर्जदाराची प्रजननक्षमता संपलेली असली पाहिजे. अर्जदार अविवाहित असावा, ही अटही होती. डिसेंबर २०१२ मध्ये स्टॉकहोमच्या अपील न्यायालयाने नसबंदीची अट घटनाबाह्य ठरवली आणि २०१३ साली ती कायद्यातून गेली. २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेने पीडितांना प्रत्येकी २,२५,००० क्रोनर भरपाई मंजूर केली.

१५/
जपानने २००३ साली असाच कायदा केला. प्रजननग्रंथी नसाव्यात किंवा त्यांचे कार्य कायमचे थांबलेले असावे, ही अट त्यात होती. ट्रान्स पुरुषांसाठी तिचा व्यवहारातील अर्थ पोट उघडून अवयव काढणे हाच होता. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी टोकियोत सर्वोच्च न्यायालयाच्या पंधराही न्यायाधीशांनी एकमताने ही अट घटनाबाह्य ठरवली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने हेच २०११ मध्ये केले होते, तर युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या खटल्यात.

१६/
तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. स्वीडनने सुप्रजननाचा कायदा १९७५ साली संपवला, ट्रान्स व्यक्तींसाठी मात्र नसबंदीची अट आणखी अडतीस वर्षे ठेवली. जपानने तो कायदा १९९६ साली रद्द केला आणि अवघ्या सात वर्षांनी नसबंदीची अट दुसऱ्या दाराने आत घेतली. ‘अशा’ माणसांना मुले होऊ नयेत, हा विचार कायद्याबरोबर मेला नाही. त्याने फक्त माणसे बदलली.

१७/
भारताने या बाबतीत आधी योग्य वाट धरली होती. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लिंगओळख ज्याची त्याने ठरवावी आणि तिच्या मान्यतेसाठी शस्त्रक्रिया, नसबंदी वा संप्रेरक उपचारांची सक्ती करता येणार नाही. परंतु २०१९ च्या कायद्याने ‘तृतीयपंथी’ ही नोंद शस्त्रक्रियेशिवाय देऊ केली, तर ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी सुधारित नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे मागितले. जे दार न्यायालयाने उघडले होते, त्याला कायद्याने उंबरठा बसवला.

१८/
आणि पुन्हा बीड. २०१७ साली याच जिल्ह्याच्या पोलीस दलातील एका शिपायाने लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. रजा नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने प्रशासकीय न्यायाधिकरणाचा रस्ता दाखवला. अखेर शासनाने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ती गर्भाशयाची नव्हती, हे नमूद केले पाहिजे. तरीही एकाच जिल्ह्यातील, एकाच काळातील या दोन नोंदी शेजारी वाचण्यासारख्या आहेत. एका बाजूला ४,६०५ गर्भाशये कोणी अडवल्याशिवाय निघाली. दुसऱ्या बाजूला आपल्या शरीराचा विचार करून निर्णय घेतलेल्या एका माणसाला साध्या रजेसाठी उच्च न्यायालय गाठावे लागले.

१९/
येथे एक रास्त आक्षेप येतो. बीडनंतर जिल्ह्यात गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, ते चांगलेच झाले ना? मग ट्रान्स व्यक्तीच्या शस्त्रक्रियेआधी तपासणी मागितली तर अन्याय कसा? दोन्ही ठिकाणी शिक्का एकच, पण त्यामागचा प्रश्न वेगळा असतो. या व्यक्तीला परिणाम ठाऊक आहेत का, दुसरा उपचार सांगितला का, कोणाचा दबाव आहे का, हे विचारणारी तपासणी माणसाचे रक्षण करते. ही व्यक्ती आमच्या कल्पनेतल्या पुरुषासारखी दिसते का, वागते का, हे विचारणारी तपासणी माणसाची परीक्षा घेते. पहिली तपासणी बीडमध्ये फार उशिरा आली. दुसरी ट्रान्स व्यक्तींच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून आली.

२०/
दुसरा आक्षेप स्त्रीवादी वर्तुळातूनही ऐकू येतो. मूठभर ट्रान्स पुरुषांसाठी भाषा बदलली तर स्त्रियांचा शतकभराचा संघर्ष पुसट होईल, असे काहींना वाटते. ही भीती समजण्यासारखी असली तरी इतिहास तिला दुजोरा देत नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची वाट मोकळी केली. त्याच निकालात न्यायालयाने नोंदवले की ‘स्त्री’ या शब्दात सुरक्षित गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या इतर लिंगओळखीच्या व्यक्तीही येतात. एकाच निकालाने दोघांना जागा दिली. कोणाची जागा कमी झाली नाही.

२१/
अडसर अजून आहेतच. कृत्रिम प्रजनन तंत्राचा २०२१ चा कायदा विवाहित जोडपे आणि स्त्री यांच्याच भाषेत बोलतो. कागदोपत्री पुरुष झालेल्या, पण पुढे मूल व्हावे म्हणून अंडी जपून ठेवू इच्छिणाऱ्या माणसाला त्यात नाव नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोळिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एका ट्रान्स पुरुषाने बाळाला जन्म दिला. जन्मदाखल्यावर आई आणि बाप या रकान्यांऐवजी ‘पालक’ एवढेच लिहावे, यासाठी त्या जोडप्याला केरळ उच्च न्यायालयात जावे लागले. जून २०२५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. बाळ तोवर दोन वर्षांचे झाले होते.

२२/
शिरूरच्या मुली, ऊसतोडीच्या स्त्रिया, स्वीडन-जपानमधील ट्रान्स नागरिक यांच्यात जात, वर्ग, भाषा, देश काहीच समान नाही. समान आहे ती एक गोष्ट. त्यांच्या पोटातील अवयवाचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीने झाला. कोठे वसतिगृहाच्या, कोठे मुकादमाच्या, कोठे नोंदवहीच्या. म्हणून ट्रान्स व्यक्तींचा प्रश्न वेगळ्या कप्प्यात ठेवणे इतिहासाला धरून नाही. ऊसतोड महिलेला ‘काढू नका’ म्हणता येणे आणि ट्रान्स पुरुषाला ‘काढा’ किंवा ‘राहू द्या’ म्हणता येणे, हा एकच अधिकार आहे. तो एकाला नाकारून दुसऱ्याला देता येत नाही.

२३/
मागण्या साध्या आहेत. फडावर पाणी, शौचालय आणि पाळीच्या दिवसाचा खाडा माफ. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत आणि त्यावर पर्यायी उपचारांची नोंद. शासकीय रुग्णालयात लिंगनोंद कोणतीही असो, स्त्रीरोग विभागात उपचार. ओळखपत्र आणि शस्त्रक्रिया यांची कायमची फारकत. यांतील एकाही गोष्टीसाठी नवे विज्ञान लागत नाही.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी शेवटचे. शिरूर, बीड, स्टॉकहोम, टोकियो यांच्या कागदपत्रांत शस्त्रक्रियेचे कारण, खर्च, परवानगी, भरपाई हे सारे सापडते. ज्याचे शरीर होते त्याला काय हवे होते, हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो. पुढच्या वेळी एखादा अहवाल, कायदा वा निकाल हाती आला की आधी तो रकाना शोधावा.

(धागा समाप्त)